धुळ्याहून सरळ होऊन आलेली दाढ

१

शेवंताबाईचा जबडा धुळ्याला गेला तेव्हा दुखणाईत होता, आणि परत आला तो ठणठणीत होऊन. खुद्द शेवंताबाई मात्र जळगावात, डॉक्टर मोतीलाल चौधरींच्या दवाखान्यामागच्या खोलीत, गालाला फडकं बांधून तापानं फणफणत पडली होती.

धुळ्याला गेलेला जबडा अर्थात प्लास्टरचा. घोड्याच्या नालेच्या आकाराचा, पांढराशुभ्र, खालच्या सगळ्या दातांसकट. धुळ्याच्या डॉक्टर धनसिंग गिरासेंनी तो शुक्रवारी सकाळी रुमालातून काढून टेबलावर ठेवला आणि मोतीलालांकडे चष्म्यावरून पाहिलं.

"चौधरी, डावीकडची अक्कलदाढ आडवी आहे असं तुम्ही कळवलंत. ही बघा. आडवी कुठं आहे?"

मोतीलाल वाकले. त्यांचा चेहरा उतरला.

दोघांमधली ही घडी गेल्या वर्षीच बसली होती. गिरासे विलायतेत जबड्यांची शस्त्रक्रिया शिकून आलेले, धुळ्यात त्यांचं छोटं इस्पितळ. मोतीलाल साधे दातांचे डॉक्टर. कीड भरणं, दात काढणं, कवळ्या बसवणं हे त्यांचं रोजचं काम. अवघड रोगी आला की मोतीलालांनी त्याच्या दातांचा ठसा घ्यायचा, प्लास्टरचा जबडा ओतून सर्व्हिस मोटारीनं धुळ्याला पाठवायचा, गिरासेंनी तो बघून काय करायचं ते ठरवायचं, आणि महिन्यातून एकदा जळगावला येऊन जायचं. दातांचे फोटो काढणारं यंत्र मुंबईखेरीज दोघांनाही ठाऊक नव्हतं. त्यातून लढाईचे दिवस, सन त्रेचाळीस. प्लास्टरचा जबडा हाच काय तो साक्षीदार.

पडद्याआड मंदाबाई उभी होती. मोतीलालांची बायको, पुण्याच्या कॉलेजातून बी. ए. झालेली, आणि कडेवरच्या मुलाच्या काळजीनं सदा अर्धी झालेली. बाळाचे वरचे दात आधी आले होते. मामाला जड जाणार, असं सासूबाई म्हणाल्या तेव्हा मंदा हसली होती, आणि त्याच दिवशी भावाला प्रकृती विचारणारं कार्डही टाकून आली होती.

गिरासे सांगत होते ते सरळ होतं. दाढ उभी असेल तर शेवंताबाईला धुळ्याला न्यायला नको, क्लोरोफॉर्म नको. रविवारी इथंच खुर्चीत बसवून चिमट्यानं ओढली की झालं.

"आणि आडवी असली तर?" मोतीलालांनी विचारलं.

"तर चिमट्यानं दाढ यायची नाही, जबडा मोडेल. म्हणून तर विचारतोय. तुम्ही ती आडवी पाहिलीत, की पाहिल्यासारखं आठवतंय?"

तोंडात बघावं म्हटलं तर शेवंताबाईचं तोंड आता बोटभरसुद्धा उघडत नव्हतं. गिरासेंनी आरसा घालून पाहिला होता. सुजलेल्या हिरडीखाली सगळं झाकलेलं. ज्या मेणासारख्या मसाल्यात मूळ ठसा घेतला, तो तर कधीच पुन्हा उकळून दुसऱ्या रोग्यासाठी वापरला गेला होता.

मोतीलालांनी जबडा रुमालावर सरकवून ठेवला. मग म्हणाले, "माझ्याकडून जबड्यांची अदलाबदल झाली असेल, नाहीतर माझीच आठवण चुकली असेल, डॉक्टरसाहेब. पण हा तिचाच म्हणून आलाय. तुम्ही म्हणता तसं, रविवारी चिमट्यानं काढू."

मंदाला हे पटेना. नवरा चुकतो तेव्हा वाद घालतो, हे तिला चांगलं माहीत होतं. बरोबर असतो तेव्हाच तो असा पटकन नमतं घेतो.

दोघं डॉक्टर हात धुवायला आत गेले. मंदा टेबलापाशी आली, तेवढ्यात बाळानं वाकून जबडा दोन्ही हातांनी धरला आणि डावं टोक सरळ तोंडात घातलं. तिनं ओढून काढलं, बोटानं त्याची जीभ पुसली. बोटाला पांढरं लागलं, आणि पांढऱ्याखाली काळपट ओलं. तिनं बोट नाकाशी नेलं.

वास ओळखीचा होता. पण दवाखान्यातला नव्हता.

२

मंदानं आधी बाळाचं तोंड तीन पाण्यांनी धुतलं, मग शेवंताबाईला पेज पाजायला बसली.

शेवंताबाई रावेरची. केळीच्या बागा, घर भरलेलं, आणि मांडीशी मंदाच्या बाळाएवढीच मुलगी. दातांच्या फटीतून चमच्यानं पातळ पेज ओतायची, एवढंच तिचं जेवण. दूध आटत चाललं होतं. मुलगी छातीशी लागायची, चिडायची, सोडून द्यायची. 

सूज यायच्या आधी जिभेला तिथं काय लागायचं, असं मंदानं विचारलं. शेवंताबाई मिटल्या दातांतून हळूहळू सांगू लागली. पुढच्या दाढेमागे एक कोपरा लागायचा, टोकदार. भाकरीचे कण त्याखाली अडकायचे, काडी घालून काढावे लागायचे.

दारात तिचे सासरे जीवरामआबा बसले होते. पागोटं गुडघ्यावर, मान खाली. सून आजारी पडल्यापासून त्यांनी रावेरचं तोंड पाहिलं नव्हतं. दाढ सरळ निघाली म्हणून त्यांच्या एकट्याच्याच तोंडावर समाधान होतं.

"बाई, धुळ्याचं नाव काढू नका. माझी बहीण ते औषध हुंगवलं आणि उठलीच नाही. दात इथंच निघते ना? मग निघू द्या." जरा थांबून ते आपणहून म्हणाले, "मी त्या प्लास्टरले हात लावला नाही हो."

मंदानं चमचा खाली ठेवला. हात लावल्याचं तिनं विचारलंच नव्हतं.

"कोण म्हणालं लावलात म्हणून?"

"तुमचा तो प्लास्टरवाला झुलाल. ओतला त्या दिवशी मी नुसता बघाले गेलो, तं वसकन अंगावर आला. जसं काही मी त्यातला दात खाणार होतो."

शेवंताबाई हसायला गेली आणि कळ येऊन गाल धरून बसली. आबा कासावीस झाले. हा माणूस सुनेचं नुकसान करणार नाही हे मंदाला दिसत होतं, पण ज्याला दाढ सरळ हवी होती असा माणूसही हाच एक होता.

पेज पाजून झाल्यावर तिनं शेवंताबाईचं म्हणणं गिरासेंच्या कानावर घातलं. त्यांनी ते नीट ऐकून घेतलं, ही त्यांची चांगली गोष्ट. पण सुजलेल्या हिरडीच्या पदराखालीसुद्धा कण अडकतात, म्हणाले, आणि जिभेला दाण्याचा डोंगर वाटतो. जिभेच्या साक्षीवर हाड कापायचं नसतं.

"मग तो दुसऱ्या कुणाचा जबडा आहे का, एवढं तरी बघू," मंदा म्हणाली.

"ते बघा, वहिनी. तसा निघाला तर मला आनंदच आहे."

३

झुलाल दवाखान्यातला कंपाउंडर. प्लास्टर कालवण्यात त्याचा हात धरणारा नाही अशी त्याची स्वतःची खात्री. अदलाबदलीची गोष्ट ऐकताच त्याचे कान लाल झाले. त्यानं जबडा उचलून उलटा केला. बुडाशी चाकूनं कोरलेलं होतं, 'शे', आणि त्याखाली केळीचं एक पान.

"रावेरचे म्हणून पान, वहिनीसाहेब. प्रत्येकाला मी असं काहीतरी कोरतो. चोपड्याच्या शेठजींना मी म्हैस कोरली होती. हा माझ्या हातचाच आहे."

म्हणजे अदलाबदल नाही. जबडा शेवंताबाईचाच, आणि तरी दाढ सरळ. झुलालनं स्वतः ओतताना दाढ आडवी पाहिली होती का? तो गोंधळला. बुडबुडा राहिला नाही ना, एवढंच तो बघत असे. दात बघणं डॉक्टरांचं काम.

"बांधला कशात होतास?"

"जिनिंगमधल्या टाकाऊ कापसात. नेहमीसारखा. डब्यात घालून सुपडू ड्रायव्हरच्या सर्व्हिस मोटारीवर दिला."

हे ऐकून कोपऱ्यात बसलेले गिरासे पेपरमागून म्हणाले, "कापूस कुठला? या खेपेला कोंडा होता. ज्वारीचा. डबा उघडला आणि माझं टेबल, कोट, सगळं भरलं. मी म्हटलं, लढाईत जळगावचासुद्धा कापूस संपला की काय."

झुलाल आ वासून बघत राहिला. मंदानं मनाशी जुळवलं. डबा वाटेत कुणीतरी उघडला होता, आणि परत भरताना त्याच्याजवळ कापूस नव्हता.

सुपडूची मोटार धुळ्याहून उद्या सकाळी यायची होती. पण त्याच वाटेनं हिंडणारा आणखी एक माणूस गावात होता. झिपरू बाजारात चटई टाकून दात उपटायचा. पुढ्यात उपटलेल्या दातांचा ढीग, बाजूला लवंगेच्या तेलाची बाटली. मोतीलालांनी दवाखाना काढल्यापासून त्याची गिऱ्हाइकं निम्मी झाली होती, आणि डॉक्टरांचं कुठं चुकतं का यावर तो डोळा ठेवून असे. शेवंताबाईचं प्लास्टर मोटारीवर चढलं त्या दिवशी तोही त्याच मोटारीनं पारोळ्याच्या बाजाराला गेला होता, हे झुलालनंच सांगितलं, आणि सांगताना भुवया अशा उडवल्या की चोर सापडलाच.

मंदा बाळाला घेऊन बाजारात गेली. झिपरूनं तिला बघून चटई झटकली.

"या वहिनी. डॉक्टरांना जमेना म्हणून इकडं?" बाळाकडे बघून तो म्हणाला, "वरचे आधी आले की. मामाला सांगा जपून राहा म्हणावं."

मंदानं बाळाचं तोंड पदराआड केलं. मग तिनं डब्याचं विचारलं.

डब्याशी आपला संबंध नाही, झिपरू म्हणाला. आपण आत डुलक्या घेत बसलो होतो, डबा टपावर. पारोळ्याला मोटार नेहमीसारखी कोळसा भरायला थांबली. पेट्रोल मिळेना म्हणून मोटारी कोळशाच्या गॅसवर चालत, आणि त्या भट्टीचे लाड करण्यात निम्मा दिवस जाई. सुपडू अशा वेळी चहाच्या दुकानात गप्पा छाटायचा. पण त्या दिवशी चहा पुढं आला तरी त्यानं घेतला नाही.

"सुपडूनं फुकटचा चहा सोडला, वहिनी. मी विचारलं, कोण गेलं रे? तर म्हणे कुणी नाही. आणि सदऱ्याखाली काहीतरी धरून गल्लीत पळाला."

"कुठल्या गल्लीत?"

झिपरूनं खांदे उडवले. तेवढ्यात त्याला गिऱ्हाईक आलं.

४

संध्याकाळी शेजारच्या मुली कोजागिरीपर्यंत बसणाऱ्या गुलाबाईची गाणी म्हणायला आल्या. कोजागिरी चार दिवसांवर आली होती. भिंतीतल्या देवळीत मातीची गुलाबाई न् गुलोजी, म्हणजे पार्वती-शंकर, बसलेले, गळ्यात बेगडाचे दागिने चमकत होते. मंदा दारात बाळाला थोपटत उभी राहिली. गाणी संपली आणि खिरापत ओळखायची वेळ झाली. मंदाच्या सासूबाईंनी झाकणाचा डबा पुढं ठेवला. मुली एकेक करून तो कानाशी नेऊन हलवायच्या.

"खुळखुळ वाजतंय, फुटाणे."

"खुळखुळ नाही, बद्द वाजतंय. लाडू आहे लाडू."

लाडूच निघाला. मुलींचा एकच गलका झाला.

मंदा मात्र देवळीकडे वळली होती. तिनं गुलाबाईच्या जवळ तोंड नेलं. ओल्या मातीचा, खळीचा आणि चुन्याचा तो वास. सकाळचा वास.

ती दवाखान्यात आली तेव्हा दोघं डॉक्टर रविवारची हत्यारं उकळायला काढत होते. ती टेबलापाशी उभी राहिली आणि पेन्सिलीच्या टोकानं प्लास्टरच्या जबड्यावर टकटक करू लागली. उजव्या टोकापासून पुढच्या दातांवरून डाव्या बाजूकडे. खण, खण, खण. अगदी शेवटी, डाव्या अक्कलदाढेवर, बद्द.

गिरासेंनी हातातला चिमटा खाली ठेवला.

"पुन्हा वाजवा."

तिनं वाजवलं. मग म्हणाली, "या बाळाचं तोंड मी रोज सकाळी उघडून बघते. वरचे दोन दातसुद्धा बरोबरीनं आले नाहीत, एक पुढं एक मागं. आणि इथं बघा. उजव्या अक्कलदाढेचा कोपऱ्यातला टवका उडालाय. डाव्या दाढेचाही नेमका त्याच कोपऱ्यातला. आरशात बघून काढल्यासारखी आहे ही दाढ. तोंडात अशी जोडी कुणाच्या उगवते?"

मोतीलाल भिंग घेऊन वाकले. दाढेच्या मुळाशी, खाचेत, टाचणीच्या टोकाएवढं काहीतरी चमकत होतं. त्यांनी सुईनं ते उचललं. बेगड होती.

"गुलाबाईची माती आहे ही, पाण्यात घालते," मंदा म्हणाली. "घट्ट झालेलं प्लास्टर पाण्यात विरघळत नाही. माती विरघळते."

गिरासेंनी तिला अडवलं. हा एकच पुरावा आहे, म्हणाले. मातीच नसली आणि कडा झिजल्या तर हातचं जाईल. त्यांनी मोतीलालांकडे पाहिलं. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांनी आपलं मत न देता दुसऱ्याचं विचारलं होतं.

मोतीलाल बायकोकडे बघत होते. "घाल," ते म्हणाले.

तिनं जबडा घमेल्यातल्या पाण्यात सोडला. काही झालं नाही. झुलाल दारातून मान लांब करून बघत होता. मग डाव्या टोकापाशी पाणी गढूळ झालं, दुधाळ, मग काळपट. ती देखणी, सरळ दाढ कलली, आणि गाळ होऊन तळाशी बसली.

मोतीलालांनी जबडा बाहेर काढला. डावीकडे पुढच्या दाढेमागे आता खडबडीत तुटलेलं प्लास्टर होतं. बस्स.

गिरासे खुर्चीत बसले. "वहिनी, खोटी दाढ होती हे तुम्ही सिद्ध केलंत. पण खरी कशी होती, हे आता कुणी सांगायचं?"

५

सकाळी मोटार आली. सुपडू ड्रायव्हरच्या जागेवरून उतरला तो समोर मंदा, शेजारी गिरासे, मागे मोतीलाल. मंदाच्या हातात ओला जबडा. त्यानं जबड्याकडे पाहिलं आणि टोपी काढली.

"अक्का, मना हातमाईन नही पडना. टपवरतीन पडना."

पारोळ्याच्या अलीकडे बैलगाडी आडवी आली, ब्रेक दाबला, आणि टपावरचा डबा रस्त्यावर. कापूस उडून गेला, जबड्याचं टोक मोडलं. डॉक्टरांच्या सामानाचा आजवर टवका उडू दिला नाही, अशी सुपडूची शेखी. धुळ्यात गिरासेंना काय तोंड दाखवायचं म्हणून त्यानं मोटारीत कोळसा भरायला लावला आणि तुकडे सदऱ्याखाली धरून पारोळ्यात भिकुबाईकडे पळाला. भिकुबाई गणपती, गुलाबाई घडवायची. जसं होतं तसं करून दे, एवढंच सुपडूनं तिला सांगितलं. काय आहे विचारलं, तर अब्रू जाऊ नये म्हणून ठोकून दिलं की डॉक्टरांच्या दवाखान्यातल्या देवाचं तोंड आहे.

"देवाचं?" गिरासे म्हणाले.

"दातना देव," सुपडू खाली मान घालून म्हणाला.

झुलाल इतका हसला की त्याला आत पाठवावं लागलं. मोतीलाल मात्र हसले नाहीत. मोडलेला तुकडा कुठं आहे, एवढंच त्यांनी विचारलं. सुपडूला ते माहीत नव्हतं. मोटार परत निघायची होती. दोघं डॉक्टर चढले, आणि त्यांच्यामागून मंदाही, बाळाला घेऊन. बाळाला वारा लागेल, सासूबाई म्हणाल्या. मंदालाही तेच वाटत होतं. तरी तिनं कानटोपी चढवली आणि खिडकीपासून दूर बसली.

भिकुबाईची ओसरी मूर्तींनी भरलेली होती. एका ओळीत गुलाबाया, रंग वाळत घातलेल्या. म्हातारी पाय पसरून बेगड कातरत बसली होती. पलीकडे कोंड्याची पाटी. मूर्ती बाहेरगावी पाठवायच्या त्या ती कोंड्यात भरून द्यायची.

जबड्याचं टोक पुन्हा मोडलेलं बघून तिला फार वाईट वाटलं. पाण्यात घातला हे कळल्यावर तर ती सुपडूला बोललीच. देव पाण्यात घालायचा तो विसर्जनाला, आधी कशाला?

गिरासे तिच्यासमोर उकिडवे बसले. मोडलेल्या तुकड्यात दाढ नव्हती का, असं त्यांनी विचारलं.

"व्हती ना, भाऊ. पन आडवी पडेल व्हती. माले वाटनं, डबा पडना तशी दाढ बी पडनी."

दोघं डॉक्टर एकमेकांकडे बघू लागले. भिकुबाईला आपली बाजू सांगावीशी वाटली. तुकडा चिकटवला असता तर ते व्यंग तसंच राहिलं असतं. देवाच्या तोंडात व्यंग कसं ठेवायचं? म्हणून तिनं तो तुकडा बाजूला काढला, चांगल्या बाजूची दाढ बघून तशीच नवी घडवली, आणि वरून सगळीकडे चुन्याचा हात फिरवला.

"वाकडं काम मना हातखालतीन आजलोंग गयं नही," ती म्हणाली.

"तो तुकडा, भिकुबाई," मंदा म्हणाली. ती पुढं सरकली. "तो फेकलात का?"

म्हातारीनं तिच्याकडे असं पाहिलं की या शिकलेल्या बाईला कुणी काही शिकवलं नाही की काय. देवाचा तुकडा कुणी उकिरड्यावर टाकतं का? तुळशीपाशी एक टोपली झाकून ठेवली होती. वर्षभरात भंगलेले हात, सोंडा, मुकुट, सगळं तीत साठवायचं आणि कोजागिरीनंतर गुलाबाईबरोबर नदीत सोडायचं.

मोतीलालांनी टोपली उघडली. मोडक्या सोंडांच्या आणि मोरपंखी मुकुटांच्या मध्ये एक पांढरा तुकडा होता. त्यांनी तो उचलला आणि जबड्याच्या खडबडीत कडेला लावला. कड कडेत नीट बसली.

दाढ आडवी होती. पुढच्या दाढेच्या पाठीत डोकं खुपसून, दमलेल्या माणसानं शेजाऱ्याच्या खांद्यावर झोपावं तशी.

६

पुढचा बेत भिकुबाईच्या ओसरीवरच ठरला. मंदा बाळाला पाजत भिंतीशी बसली होती आणि ऐकत होती. एक जबडा, दोन वाकलेली डोकी. पुढून ओढायची नाही, गिरासे म्हणाले. दाढेचे दोन तुकडे करायचे, आधी पुढचा काढायचा, मग मागचा आपोआप सुटेल. मोतीलालांनी विचारलं, कापताना पुढच्या चांगल्या दाढेला धक्का बसला तर? मग ती धरून ठेवायला कुणीतरी हवं, गिरासे म्हणाले, तुम्ही या. शेवंताबाईचा ताप उतरला का, तिची छाती कशी आहे, किती क्लोरोफॉर्म सोसेल, हे सगळं मोतीलालांना ठाऊक होतं, गिरासेंना नव्हतं. कुठून कापायचं ते गिरासेंना ठाऊक होतं. एकानं विचारायचं, दुसऱ्यानं सांगायचं, मग उलटं. चहा निवून गेला.

उठताना गिरासे म्हणाले, "चौधरी, काल मी तुम्हाला विचारलं, पाहिलंत की आठवतंय. तुम्ही पाहिलं होतं. मी फक्त धुळ्यात बसून प्लास्टर बघत होतो."

"मीही म्हणालो नाही की मी पाहिलंय," मोतीलाल म्हणाले.

"आता म्हणत जा. आणि यापुढं नवा रोगी आला की पहिल्याच दिवशी मला बोलवा. तोंड दोघांनी मिळून बघायचं, ठरवायचं तेही समोरासमोर. प्लास्टर नंतर."

जळगावला परतल्यावर राहिला प्रश्न जीवरामआबांचा. धुळ्याचं आणि हुंगवायच्या औषधाचं नाव ऐकून ते भिंतीकडे तोंड करून बसले. मोतीलालांनी आडव्या दाढेचा तुकडा त्यांच्या तळहातावर ठेवला आणि चिमट्यानं ओढलं तर काय होईल ते दाखवलं. औषध देताना आपण स्वतः सुनेची नाडी धरून बसू, म्हणाले. आबांनी तुकडा बराच वेळ फिरवून पाहिला. मग त्यांनी विचारलं, दाराबाहेर बसू देतील का. बसू देतील, गिरासे म्हणाले, आणि हवं तर दार उघडं ठेवू.

रविवारी जळगावच्या खुर्चीत कुणाची दाढ निघाली नाही. ताप उतरल्यावर शेवंताबाई सुपडूच्या मोटारीनं धुळ्याला गेली, आणि मंदाही तिच्या मुलीला सांभाळायला गेली. सुपडूनं मोटार इतकी हळू हाकली की आत बसलेले लोक ओरडू लागले. इस्पितळात दार उघडं होतं. जीवरामआबा आतल्या दोन्ही डॉक्टरांचे आवाज ऐकत बसले. मध्येच गिरासे काही विचारायचे, मोतीलाल उत्तर द्यायचे. ते बोलणं चालू आहे तोवर आपली सून जिवंत आहे, असा आबांनी हिशेब धरला होता. बोलणं थांबलं तेव्हा ते उठून उभे राहिले. आतून शेवंताबाईचं कण्हणं ऐकू आलं, आणि ते परत खाली बसले.

थंडी पडल्यावर ती मंडळी जळगावला आली. बरोबर केळीचा घड आणि भरताची वांगी. मंदानं वांगी कपाशीच्या काडक्यांवर भाजली, भरीत कालवलं, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी केली. शेवंताबाईनं भाकरीचा तुकडा मोडला, तोंड चांगलं मोठं उघडलं आणि डाव्या बाजूनं चावू लागली. तिची मुलगी मांडीवर पडून पोटभर पीत होती, मुठी उघडून, डोळे मिटून. आबा सुनेच्या चालत्या गालाकडे बघत होते आणि आपलं ताट विसरले होते.

"काय बघताय आबा, जेवा की," शेवंताबाई म्हणाली.

भावाचंही कार्ड आलं होतं. प्रकृती उत्तम, नोकरीत बढती मिळाली, आणि तू हे प्रत्येक कार्डात का विचारतेस.

मंदा बाळाला घेऊन ओसरीवर आली. सवयीनं तिनं त्याचं तोंड उघडलं आणि खालच्या हिरडीवरून बोट फिरवलं. टोकदार काहीतरी लागलं. तिनं त्याला उजेडाकडे वळवलं. खालचा पहिला दात आला होता, आणि किंचित कलता आला होता. ती त्याच्याकडे बघतच राहिली. आतून मोतीलालांनी विचारलं, काय झालं?

"काही नाही," मंदा म्हणाली. "खालचा आलाय. आणि वाकडा आहे हं, मी स्वतः पाहिलाय."